पहिल्या खुर्चीचा कॉर्नेट

वडील: आधी तो दिवा बंद करा.

दुकानदार: अहो काका, दिवा बंद केला तर दिसणार काय?

वडील: जे दिसायला हवं तेच दिसेल. पिवळ्या दिव्याखाली सगळंच पितळ सोन्यासारखं चमकतं. इकडे आणा, खिडकीपाशी.

मुलगी: बाबा, जरा हळू धरा. अजून घेतलेला नाही आपण.

वडील: म्हणून तर धरतोय. घेतल्यावर निरखून काय उपयोग? माझं भिंग दे. कोटाच्या डाव्या खिशात आहे. ते नव्हे, तो मायक्रोमीटर आहे.

मुलगी: तुम्ही कॉर्नेट घ्यायला, एक फुंकायचं वाद्य घ्यायला, मायक्रोमीटर घेऊन आलात?

वडील: पस्तीस वर्षं लेथ चालवली. दुसऱ्याच्या तोंडी मापावर भरवसा ठेवायची सवय नाही मला.

दुकानदार: मोजा की, खुशाल मोजा. खरं सांगू का, असा जुना माल आता बघायलासुद्धा मिळत नाही. साठ-पासष्ट वर्षांचा आहे. एकाच घरातला. वाजवणारे गृहस्थ गेले, मुलांना हौस नव्हती. कपाटात पडून होता बिचारा.

वडील: कपाटात पडून होता?

दुकानदार: हो ना.

वडील: मग त्याला कपाटातच कुणीतरी पॉलिश केलेलं दिसतंय.

दुकानदार: म्हणजे?

वडील: ही भोंग्यावरची वेल बघा. कोरलेल्या रेघेची कड नखाला लागली पाहिजे. लागतेय? गुळगुळीत झालीये. कुणीतरी हा पॉलिशच्या चाकावर धरून चांगला घासलाय. उगाच कोण घासेल? पोचा काढला असणार. इथे. अंगठा फिरव गं.

मुलगी: मला तर काही जाणवत नाही.

वडील: डोळे मिटून फिरव.

मुलगी: हं... किंचित खोलगट आहे.

दुकानदार: पोचा काढलाय, ते मी सांगणारच होतो.

वडील: केव्हा? आम्ही जिना उतरल्यावर?

मुलगी: बाबा!

वडील: काय बाबा? रविवारी आमच्या कारखान्याचा पन्नासावा वर्धापनदिन आहे. अख्खा कारखाना मैदानात बसणार. आमचा सगळा बँड थांबतो आणि पहिल्या खुर्चीवरचा कॉर्नेट एकटाच वर चढत जातो, तो तुकडा मी वाजवणार आहे. त्या वेळी कॉर्नेटने दगा दिला तर हे शेठ येणार आहेत का माझ्या मदतीला? बँडमास्तर स्पष्ट म्हणालाय, कॉर्नेट बदला, नाहीतर खुर्ची बदला.

दुकानदार: असं म्हणाले?

वडील: ह्या शब्दांत नाही. पण मला कळतं. बावीस वर्षं बसलोय त्या खुर्चीवर. टॉर्च दे. पहिल्या नळीत आतून गुलाबी ठिपके असले तर पितळ सडलेलं असतं.

दुकानदार: आहेत का?

वडील: नाहीत.

दुकानदार: बघा!

वडील: नाहीत ते नाहीत म्हणालो. लगेच फुगू नका. आता ही स्लाइड, ही सरकती नळी. नुसती ओढायची, थांबायचं, मग पिस्टन दाबायचा. आतली हवा कोंडलेली असेल तर आवाज येतो.

मुलगी: आला की. टप् झालं.

वडील: झालं खरं. चांगलं झालं. माझा माउथपीस दे. वाजवून बघतो.

दुकानदार: वाजवा, वाजवा.

वडील: ऐकलंत?

दुकानदार: काय?

वडील: फस्स असा आवाज. सुराच्या आधी हवा येतेय. खालचा सूर ठीक आहे, वर गेलं की फुसफुसतोय. गळतोय हा कुठेतरी. ठेवून द्या.

दुकानदार: अहो, पण आत्ताच तर तुम्ही...

वडील: स्लाइडमध्ये गळत नसेल, दुसरीकडे गळत असेल. पोचा काढताना जोड हलला असेल. ठेवून द्या म्हणतो ना. नवीन दाखवा.

दुकानदार: आल्या आल्या तर म्हणालात, नवीन मालाला आत्मा नसतो.

वडील: आत्मा मी घालीन. त्याने फक्त हवा बाहेर सोडू नये.

मुलगी: बाबा, जरा बसा ना. सकाळपासून उभे आहात. पाणी प्या.

वडील: पाणी नको. तू आज फार गप्प आहेस. एरवी दुकानात तुझं तोंड बंद नसतं.

मुलगी: तुम्ही बोलू दिलंत तर बोलेन ना.

दुकानदार: हा घ्या. काल आलाय. सील तुमच्यासमोर फोडतो. ह्याला अजून कुणाचा ओठ लागलेला नाही.

वडील: हे बरं. दुसऱ्याच्या तोंडून वाद्य ऐकू नये आणि आपलं वाद्य दुसऱ्याच्या तोंडाला लावू देऊ नये. विकणारा वाजवणारा असला की फुटका पाइपसुद्धा गोड वाजवून दाखवतो. माझ्या कॉर्नेटला चाळीस वर्षांत दुसरा ओठ लागलेला नाही. हिचासुद्धा नाही.

मुलगी: लहानपणी एकदा हात लावला होता. आठवडाभर बोलणं बंद केलं होतंत माझ्याशी.

वडील: तीन दिवस. वाढवून सांगू नकोस. हं, पिस्टन हलके आहेत. स्प्रिंग जरा मऊ आहे, पण ती बदलता येईल. जोडाला डाग लावलाय तो ओबडधोबड आहे, इथे बघा, शिशाचा थेंब तसाच सोडलाय. माझ्या हाताखालच्या पोराने असं काम केलं असतं तर परत करायला लावलं असतं. पण जोड भक्कम आहे. टप्?

मुलगी: तीनही टप्.

वडील: बरं. वाजवतो.

दुकानदार: काय झालं?

वडील: हाही गळतोय.

दुकानदार: काका, सील तुमच्यादेखत फोडलं!

वडील: सील काय, घरीसुद्धा लावता येतं.

दुकानदार: आता मात्र हद्द झाली. ताई, तुम्हीच सांगा ह्यांना. हा कोरा माल आहे.

वडील: तिला काय विचारता? मला सांगा. आतल्या खोलीत तिसरा ठेवलाय ना? सगळ्यात महागडा? आधी दोन टाकाऊ दाखवायचे, गिऱ्हाईक दमलं की तिसरा काढायचा. मी काय आज पहिल्यांदाच बाजारात आलोय?

दुकानदार: आतल्या खोलीत माझं जेवण आहे. जाऊन बघा हवं तर.

वडील: बघेन. पण त्याआधी दुसरं एक बघायचंय. पिशवीतून माझा जुना काढ.

मुलगी: तो कशाला आता? बाबा, राहू द्या.

वडील: काढ म्हणतो ना. हं. शेठ, हा वर्षभरात तीनदा तुमच्याकडे आला. तीनदा मी म्हणालो, हवा गळतेय. तीनदा तुम्ही म्हणालात, काम केलंय, आता बघा. आणि तीनही वेळा घरी नेल्यावर तेच. बरोबर?

दुकानदार: बरोबर.

वडील: मला वाटलं, पिस्टन बदललेत तुम्ही. जुने पिस्टन हल्ली कुठे मिळतात? माझे चांगले काढायचे, कुठले तरी झिजके घालायचे, आणि माझे ह्या असल्या कपाटातल्या मालाला जोडून विकायचे. हसू नका.

दुकानदार: हसत नाही. बोला.

वडील: म्हणून दुसऱ्या खेपेला देण्याआधी प्रत्येक पिस्टनच्या तळाला मी सुईने खूण केली. केसाएवढी.

दुकानदार: तीन आडव्या रेघा.

वडील: ...तुम्ही पाहिल्यात?

दुकानदार: काका, मी पिस्टन बाहेर काढतो तेव्हा तळ पुसतो. तीन रेघा दिसल्या आणि कळलं, माझ्यावर पहारा बसलाय. दोन रात्री झोप लागली नाही हो मला. काढून बघा. आहेत का रेघा?

वडील: आहेत. पाहिल्यात मी घरीच.

मुलगी: मग? बदलले नाहीत हे सिद्ध झालं ना? आता ह्यांची माफी मागा आणि चला घरी.

वडील: थांब. माझं अजून संपलेलं नाही. तिसऱ्या खेपेला मी आणखी एक केलं. मोठ्या स्लाइडच्या जोडावर, आतल्या अंगाला, मेणाचा एक ठिपका ठेवला. टाचणीच्या डोक्याएवढा. स्लाइड जरा जरी ओढली तरी तुटला असता. शेठ, तुम्ही आठ दिवस कॉर्नेट ठेवून घेतलात आणि म्हणालात, पूर्ण खोलला, आतून धुतला, जोड तपासले. ठिपका जसाच्या तसा होता.

दुकानदार: हो?

वडील: जसाच्या तसा. म्हणजे तुम्ही तो उघडलाच नाहीत. ‘खरं सांगू का’ हे तुमचं पालुपद. आज सकाळपासून सतरा वेळा म्हणालात, आता एकदा सांगाच.

दुकानदार: काका...

वडील: आणि तिच्याकडे काय बघता?

दुकानदार: कुठे बघतोय?

वडील: बघितलंत. मी विचारलं तुम्हाला, आणि तुमची नजर गेली हिच्याकडे. काय गं?

मुलगी: मला काय माहीत?

वडील: तुला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुझे. आत्ता झालेत. तू इथे आली होतीस. माझ्या नकळत.

मुलगी: आले होते.

वडील: कशाला? दोघांनी मिळून काय शिजवलंय? घरात राहून पोटची पोर हे करणार आणि मी बाहेरच्या माणसाला चोर म्हणत बसलोय!

दुकानदार: काका, तिला बोलू नका. खोटं मी बोललो. पहिल्या खेपेला हा कॉर्नेट मी पुरता खोलला. एकेक नळी पाण्यात बुडवून हवा सोडली. एक बुडबुडा नाही आला. तुम्ही ठेवलाय तसा जपलेला कॉर्नेट माझ्या दुकानात दुसरा आलेला नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा सगळं तपासलं, की माझंच काही चुकलं असेल. काही नव्हतं. तिसऱ्या खेपेला नाही उघडला. आठ दिवस त्या फळीवर ठेवला आणि परत दिला. आणि तुम्हाला खोटंच सांगितलं.

वडील: का?

दुकानदार: तोंडावर सांगायची छाती झाली नाही.

वडील: काय सांगायची?

मुलगी: बाबा, कॉर्नेट गळत नाहीये.

वडील: मग काय गळतंय?

मुलगी: घरी जाऊन बोलू.

वडील: काय गळतंय म्हणून विचारलं मी.

मुलगी: वरचे पुढचे दात बदललेत ना तुम्ही गेल्या वर्षी. तेव्हापासून डाव्या कोपऱ्यातून हवा सुटते. तुमच्या. बँडमध्ये मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसते, मला ऐकू येतं. खाली असताना नाही, वर गेलात की. आत्ता ह्या दोघांतूनही तोच आवाज आला.

वडील: काहीतरी बरळू नकोस. डॉक्टर म्हणालाय, सहा महिन्यांत सवय होईल.

मुलगी: सहाचे चौदा झाले, बाबा.

वडील: ओठ तसाच आहे माझा. रोज सकाळी तासभर लांब सूर लावतो मी. हा कॉर्नेट गळतो, हे दोघेही गळतात, आणि तुम्ही दोघं संगनमताने मला बनवताय. तुला माझी खुर्ची हवीय का? तसं सरळ सांग.

मुलगी: मला तुमची खुर्ची हवी असती तर मी इथे येऊन ह्यांच्या हातापाया कशाला पडले असते, की बाबांना काही बोलू नका म्हणून?

दुकानदार: पडल्या होत्या हो. शपथेवर सांगतो.

वडील: तुम्ही गप्प बसा. तुमची शपथ पाहिली मी, मेणाच्या ठिपक्यात.

दुकानदार: बसलो गप्प.

वडील: घे.

मुलगी: काय?

वडील: माझा कॉर्नेट घे. वाजव. गळत नाही म्हणतेस ना? वाजवून दाखव. रविवारचाच तुकडा. आणि माउथपीस पूस आधी.

मुलगी: मी नाही वाजवणार. तुम्हीच म्हणता, दुसऱ्याचा ओठ...

वडील: मला माहीत आहे मी काय म्हणतो. वाजव.

(मुलगी वाजवते. वरचा सूर खोलीभर स्वच्छ भरून राहतो.)

वडील: श्वास दुसऱ्या वळणावर घेतलास. चुकीचा. एक वळण थांबायचं असतं.

मुलगी: घाबरले होते.

वडील: हं.

दुकानदार: काका, खुर्ची देऊ का?

वडील: उभं राहता येतं मला. ऐक. गेल्या महिन्यातला कार्यक्रम. नवे गणवेश मिळाले त्या दिवशीचा. त्या दिवशी तर बरा वाजला होता. शेवटचा वरचा सूर असा लागला की बँडमास्तरने मान डोलावली. मला आठवतंय. त्या दिवशी कुठे गेली होती ती हवा?

मुलगी: बाबा, सोडा ना.

वडील: तू होतीस?

मुलगी: हो.

वडील: तू माझा सूर वाजवत होतीस?

मुलगी: हळूच. तुमच्या खाली. तुमचा थांबला की पुढे मी धरायची, म्हणजे खंड पडल्यासारखं वाटू नये.

वडील: कधीपासून?

मुलगी: आठ महिने झाले असतील.

वडील: आठ महिने. आणि मी घरी येऊन तुझ्या आईला सांगतोय, आज ओठ छान लागला. तीही काही बोलली नाही. तिलाही माहीत?

मुलगी: हो.

वडील: बँडमास्तरला?

मुलगी: त्यांनीच एकदा मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, कॉर्नेट जुना झालाय.

वडील: म्हणून तो कॉर्नेट बदला म्हणाला. आणि मागच्या ओळीला?

मुलगी: ऐकू येतंच ना त्यांना.

वडील: ढोलवाल्याला? त्याला तर स्वतःचा ढोलही धड ऐकू येत नाही!

मुलगी: त्याला दुसऱ्यांनी सांगितलं.

वडील: वा. म्हणजे अख्ख्या बँडमध्ये मी एकटाच होतो, ज्याला वाटत होतं की तो वाजवतोय.

मुलगी: असं नका ना बोलू. खालचे सूर तुमच्यासारखे अजून कुणाचे लागत नाहीत. मी तोंडदेखलं नाही म्हणत.

वडील: रडू नकोस. दुकानात रडतेस काय.

मुलगी: मी नाही रडत. तुम्हीच रडताय.

वडील: भिंगाने डोळा दुखावलाय. शेठ.

दुकानदार: बोला काका.

वडील: तुम्हाला चोर म्हणालो, ते मागे घेतो. खोटारडे आहात, ते तसंच ठेवतो.

दुकानदार: चालेल. निम्मं तरी सुटलं.

वडील: रविवारी त्या तुकड्यात सगळा बँड थांबतो. तिथे कुणाच्या खाली लपून वाजवता येत नाही. काय करणार होतात तुम्ही दोघं?

मुलगी: मला वाटलं होतं, एखादा नवीन कॉर्नेट हलका लागेल. त्यावर कदाचित जमेल तुम्हाला. ह्या शेठनाही वाटत होतं. म्हणून तर आणलं तुम्हाला.

दुकानदार: खरं सांगू... नाही, राहू द्या. हो, मलाही वाटत होतं.

वडील: नाही जमणार. आत्ता तू वाजवलास ना, तेव्हा मला कळलं तो सूर कसा असतो. विसरलो होतो.

मुलगी: मग आता?

वडील: तू बस पहिल्या खुर्चीवर.

मुलगी: मला नको. लोक म्हणतील, बापाला उठवून बसली.

वडील: लोकांना सांगेन, मी उठलो. बँडमास्तरला आजच सांगतो. मी तिसऱ्या ओळीत जातो. तिथे खालचेच सूर असतात, तेवढ्याला ओठ पुरतो. पण तू काय त्या कारखान्याच्या चेपलेल्या डब्यावर वाजवणार? त्याचा दुसरा पिस्टन अडकतो.

मुलगी: तुमचा द्याल?

वडील: माझा नाही देणार. मी काही मेलो नाही अजून. तिसऱ्या ओळीत काय शिट्टी वाजवू? तुला तुझा घेऊ. शेठ, मघाशी बाजूला ठेवलेले दोन्ही परत काढा. दिवा बंदच राहू द्या. आणि आता हिच्या ओठाला लावून बघायचे, माझ्या नाही.

दुकानदार: दोन्ही? पण काका, ते तर गळतात म्हणाला होतात ना?

वडील: नव्हते गळत. काढा.